जन्म-मृत्यूची नोंद : दाखल्याआधीचा कागद नीट भरा

जन्म किंवा मृत्यूच्या दाखल्यातली चूक सहसा फार उशिरा लक्षात येते. पासपोर्टची अपॉइंटमेंट ठरलेली असते, शाळाप्रवेशाची मुदत संपत आलेली असते किंवा वडिलांच्या ठेवीचे पैसे बँकेत अडकलेले असतात, आणि मग कुणीतरी काउंटरवरून सांगते की आईचे नाव जुळत नाही. तोवर ती चूक महापालिकेच्या नोंदवहीत जाऊन कित्येक वर्षे झालेली असतात. दाखला ही त्या नोंदवहीतल्या नोंदीची नक्कल असते. त्यामुळे तो दहा वेळा नव्याने काढला तरी चूक जशीच्या तशी छापून येते.

म्हणून सगळे लक्ष द्यायला हवे ते दाखल्याच्या आधी भरल्या जाणाऱ्या नमुन्याकडे, म्हणजे नोंदणीच्या छापील फॉर्मकडे. रुग्णालयात किंवा स्मशानभूमीत, घाईत आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या हस्ताक्षरात तो भरला जातो. या लेखातला मोठा भाग त्याच कागदाविषयी आहे. चूक होऊन गेली असेल किंवा नोंदच झाली नसेल तर काय करायचे, ते पुढे दिले आहे.

नोंद कुठे होते

घटना जिथे घडली, तिथे. तुम्ही कुठे राहता याचा नोंदीशी संबंध नाही. पिंपरीत राहणारी मुलगी बाळंतपणाला कोल्हापूरला माहेरी गेली आणि बाळ तिथल्या रुग्णालयात जन्मले, तर नोंद कोल्हापूर महापालिकेत होते आणि जन्मभर दाखला तिथूनच निघतो. साताऱ्याहून उपचारासाठी पुण्यात आणलेल्या माणसाचा पुण्यात मृत्यू झाला, तर साताऱ्यात नोंद होणार नाही.

शहरांत गोंधळ होतो तो हद्दींचा. पुण्यात पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे, खडकी व देहूरोड ही तीन छावणी मंडळे अशी वेगवेगळी नोंदणी कार्यालये आहेत. मुंबईत राहणाऱ्यांसाठी ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर यांच्या नोंदवह्या वेगळ्या. रुग्णालयाच्या नावावरून अंदाज बांधू नका. डिस्चार्जच्या वेळी ‘नोंद कुठल्या कार्यालयात पाठवता?’ एवढा एक प्रश्न विचारा आणि उत्तर फाइलवर लिहून ठेवा. प्रवासात, चालत्या गाडीत जन्म किंवा मृत्यू झाला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली ते ठिकाण धरले जाते.

महापालिकेत हे काम आरोग्य विभागाकडे असते. मुंबईत विभाग कार्यालय, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, नागपुरात झोन कार्यालय अशी नावे वेगवेगळी आहेत, पण विचारायचे ते ‘जन्म-मृत्यू नोंदणी कक्ष कुठे आहे’ हेच.

जुन्या नोंदी शोधताना हद्दीचा इतिहासही पाहावा लागतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली. त्या गावांतल्या त्याआधीच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरातल्या आहेत. पिंपरी-चिंचवडची महापालिका १९८२ ची, त्याआधी तिथे नगरपालिका होती. दप्तर हस्तांतरित झाले आहे की नाही हे आधी विचारले, तर पुष्कळ हेलपाटे वाचतात.

मुदत : २१ दिवस, ३० दिवस, एक वर्ष

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्यात २०२३ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. मुदतीचे गणित असे:

२१ दिवसांच्या आत कळवले तर शुल्क नाही. नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत पहिला दाखला विनामूल्य द्यायचा असतो.

२१ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत, विलंब शुल्क भरून.

३० दिवसांनंतर पण एक वर्षाच्या आत, जिल्हा निबंधक (जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यू नोंदणीचा अधिकारी) किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, शुल्क आणि स्वसाक्षांकित कागदपत्र लागते. पूर्वी इथे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र मागत. २०२३ च्या दुरुस्तीने ती अट काढली. तरी कुठे मागितले, तर नव्या तरतुदीकडे नम्रपणे लक्ष वेधा.

एक वर्षानंतर मात्र महसूल खात्याकडून आदेश आणावा लागतो. त्याविषयी खाली स्वतंत्रपणे लिहिले आहे.

रुग्णालयात घटना घडली असेल तर कळवण्याची जबाबदारी कायद्याने रुग्णालयाच्या प्रमुखाची आहे, घरी घडली असेल तर कुटुंबप्रमुखाची. वसतिगृह, धर्मशाळा, लॉज अशा ठिकाणी तिथल्या व्यवस्थापकाची. रुग्णालयाने ‘तुम्हीच महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन नोंद करा’ असे सांगितले तर ते मान्य करू नका. तुम्ही माहिती द्यायची, कळवायचे त्यांनी.

जन्म : नमुना १ भरताना

बाळंतपणानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परिचारिका किंवा ऑफिसातला कर्मचारी एक फॉर्म घेऊन येतो. त्याचे दोन भाग असतात. पहिला कायदेशीर भाग: जन्मतारीख, लिंग, बाळाचे नाव, आईचे व वडिलांचे नाव, आधार क्रमांक, जन्माच्या वेळचा पत्ता, कायमचा पत्ता, जन्मस्थान, माहिती देणाऱ्याचे नाव. दुसरा सांख्यिकी भाग: आई-वडिलांचे शिक्षण, व्यवसाय, धर्म, आईचे लग्नाच्या वेळचे वय, बाळाचे वजन, प्रसूतीचा प्रकार, गर्भधारणा किती आठवड्यांची होती वगैरे. दाखल्यावर येते ते फक्त पहिल्या भागातले. दुसरा भाग आकडेवारीसाठी वेगळा काढून पाठवला जातो. दोन्ही खरेच भरावेत, पण अक्षर न् अक्षर तपासायचे ते पहिल्या भागातले.

बहुतेक ठिकाणी हा फॉर्म रुग्णालयाचा माणूस केस पेपरवरून भरून आणतो आणि तुम्ही खाली सही करता. इथेच घोळ होतो. केस पेपरवरचे नाव ओपीडीत पहिल्या दिवशी कुणीतरी ऐकून लिहिलेले असते. म्हणून कोरा फॉर्म मागून स्वतः भरा, समोर आधार कार्ड आणि पासपोर्ट ठेवून.

आईचे नाव हा सर्वांत जास्त चुकणारा रकाना आहे. लग्नानंतर नाव बदललेले असते, पण आधारवर माहेरचे, पॅनवर सासरचे आणि पासपोर्टवर तिसरेच, असे अनेक घरांत असते. जन्मनोंदीत कुठले लिहायचे? आईच्या पासपोर्टवर आहे ते, आणि पासपोर्ट नसेल तर आधारवर आहे ते. सासरचे नाव वापरात आणायचे ठरले असेल तर आधी आधार बदलून घ्या, शक्यतो सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत. बाळ झाल्यावर त्या कामाला कुणाला सवड नसते. नावाच्या आधी ‘सौ.’ किंवा नावानंतर ‘ताई’, ‘बाई’ लावू नका. कागदांवर ‘सुनीताबाई’ असे पूर्ण नावच असेल तर गोष्ट वेगळी.

वडिलांचे नाव पूर्ण लिहा: नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आडनाव. आद्याक्षरे चालवू नका.

दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत येतो, पण लोक फक्त मराठी वाचतात. पुढे पासपोर्ट, परदेशी विद्यापीठ, विमा सगळीकडे कामाला येते ती इंग्रजी ओळ. ‘पूर्वा’तल्या ‘पू’ला यू की दोन ओ, ‘श्रीया’त दोन ई की एक आय, ‘देशमुख’मधल्या ‘मु’ला काय, हे संगणकावर बसलेल्या माणसावर सोडू नका. इंग्रजी नाव मोठ्या, सुट्या अक्षरांत तुम्हीच लिहून द्या. आडनावाचे स्पेलिंग वडिलांच्या कागदांवर आहे तसेच हवे, तुम्हाला ते चुकीचे वाटले तरीही.

कायमचा पत्ता गावचा द्यायचा की शहरातला, यावर घरात वाद होतात. जन्मवेळच्या पत्त्यात सध्या राहता तो, आणि कायमच्या पत्त्यात जिथली कागदपत्रे तुमच्याजवळ आहेत तो, असे करावे. जन्मस्थान मात्र रुग्णालयाचेच. गावाचे नाव जन्मस्थानात घालण्याचा आग्रह धरू नका. ती खोटी नोंद ठरते.

जुळी मुले असतील तर प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, जन्मवेळेसह. आई एकटी असेल आणि वडिलांचे नाव द्यायचे नसेल तर तो रकाना रिकामा ठेवता येतो. अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता केवळ प्रतिज्ञापत्रावर दाखला मिळाला पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. बाळ जन्मानंतर थोडाच वेळ जगले तरी जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी होतात. मृतजन्मासाठी वेगळा नमुना, क्रमांक ३, असतो. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हे काम अंगावर घ्यावे.

फॉर्मवर सही केली की, तो परत देण्याआधी, त्याचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. चारही कोपरे दिसले पाहिजेत. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे आणि दुरुस्तीची वेळ आली तर त्याच फोटोवर सगळे अवलंबून असते. का, ते पुढे येईल.

बाळाचे नाव नंतर घातले तरी चालते

बारसे व्हायचे आहे म्हणून नोंद अडवून ठेवू नका. नाव न घालता नोंद होते, तो रकाना रिकामा राहतो. नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत पालकांनी अर्ज दिला की नाव विनाशुल्क घातले जाते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी मुदत वाढवली आहे, तेव्हा पंधरा वर्षे उलटली असली तरी चौकशी जरूर करा.

बारा महिने म्हणजे भरपूर वेळ, असे वाटून लोक विसरतात आणि आठवण होते ती शाळाप्रवेशाच्या वेळी. बारसे झाले की त्याच आठवड्यात अर्ज द्या: विनानावाचा दाखला, दोघांचे आधार, दोघांच्या सह्या. नाव एकदा घातले की ते ‘आता आवडत नाही’ म्हणून बदलता येत नाही. पाळण्यातले नाव एक आणि हाक मारायचे दुसरे असेल तर कुठले कागदावर जाणार, ते घरात आधी ठरवा.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने सरकारी कागदांवर नावाचा क्रम ठरवून दिला आहे: बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. शाळेच्या कागदांत नाव याच क्रमाने जाणार, हे अर्ज देताना लक्षात असू द्या.

१ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना या दाखल्याशिवाय गत्यंतर नाही. जन्मतारीख व जन्मस्थान सिद्ध करायला शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, आधार यांसाठी कायद्याने हाच दाखला ग्राह्य धरला आहे. पासपोर्टसाठीही या मुलांच्या जन्मतारखेचा दुसरा पुरावा चालत नाही. पूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावून जाई, ती सोय या पिढीला नाही.

मृत्यू : पहिल्या काही तासांत

रुग्णालयात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, नमुना ४, रुग्णालय भरते. ते निबंधकाकडे, म्हणजे नोंदणी कक्षाच्या अधिकाऱ्याकडे, जाते आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे २०२३ पासून बंधनकारक आहे. ही प्रत मागून घ्या. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिलेले नसते. कायद्यानेच ते उघड करायला मनाई आहे. विमा कंपनी मात्र कारण विचारतेच, आणि तेव्हा कामाला येते ती हीच प्रत. महिन्याभराने रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात ती शोधत बसण्यापेक्षा त्याच दिवशी हातात घेतलेली बरी.

घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांना बोलवा. त्यांनी नमुना ४अ मध्ये प्रमाणपत्र द्यायचे असते, आणि कायद्यानुसार त्यासाठी शुल्क घेता येत नाही. येण्या-जाण्याची फी वेगळी. घरात दीर्घ आजारी व्यक्ती असेल तर उपचाराची फाइल आणि डॉक्टरांचा क्रमांक घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. कुणाचेच उपचार चालू नसतील, मृत्यू अचानक झाला असेल किंवा पडून मार लागल्याची शंका असेल, तर डॉक्टर प्रमाणपत्र नाकारतात आणि ते बरोबरच करतात. अशा वेळी पोलिसांना कळवावे लागते, पंचनामा आणि शवविच्छेदन होते. ओळखीच्या डॉक्टरांवर सहीसाठी दबाव आणू नका. पुढे विम्यात किंवा वारसांच्या वादात तीच सही प्रश्न बनते.

स्मशानभूमीत जाताना बरोबर हवे: डॉक्टरांचे मूळ प्रमाणपत्र, मृत व्यक्तीचे आधार कार्ड मूळ आणि दोन झेरॉक्स, माहिती देणाऱ्याचे आधार. काही शहरांत अंत्यसंस्काराचा पास आधी काढावा लागतो, काही ठिकाणी स्मशानभूमीतल्या कार्यालयातच नोंद होते. तिथे मिळणारी पावती जपून ठेवा. पुढचा सगळा तपास तिच्यावरच्या तारखेवरून आणि क्रमांकावरून होतो.

इथे भरला जातो तो नमुना २. भरणारी व्यक्ती बहुतेक वेळा शेजारी, पुतण्या किंवा सोसायटीतले कुणी असते, कारण घरचे त्या अवस्थेत नसतात. आणि त्यांना माहीत असते ते हाक मारायचे नाव. ‘आप्पा कुलकर्णी’, ‘बाळासाहेब’, ‘माई’ अशा नोंदी त्यातूनच होतात. मग बँकेत नाव वेगळे, सातबाऱ्यावर वेगळे, दाखल्यावर वेगळे. म्हणून नियम एकच: नाव सांगायचे नाही, आधार कार्ड समोर ठेवून उतरवायचे. मालमत्तेच्या कागदांवर दुसरे नाव असेल, म्हणजे ‘राजाराम ऊर्फ बाळासाहेब’ असा प्रकार असेल, तर तसा पुरावा जोडून ‘ऊर्फ’सह नोंद करण्याची विनंती तेव्हाच करा. विवाहित स्त्रीच्या बाबतीत पतीचे नाव, आईचे नाव आणि पत्ता हे तीन रकाने खास तपासा.

मृत्यूची तारीखही बघा. रात्री साडेअकराला मृत्यू झाला आणि डॉक्टर साडेबाराला आले तर दोन तारखा तयार होतात. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर जी आहे तीच नमुना २ मध्ये हवी. फॉर्ममध्ये तंबाखू, सुपारी, दारू, धूम्रपान यांविषयी प्रश्न असतात. ते आकडेवारीसाठी आहेत, दाखल्यावर येत नाहीत.

दाखल्याच्या प्रती किती काढाव्यात? विमा, भविष्यनिर्वाह निधी किंवा पेन्शन, दोन-तीन बँका, सोसायटीतील भागहस्तांतरण, गाडी, सातबाऱ्यावरची वारसनोंद आणि मालमत्ताकराचे खाते एवढी ठिकाणे धरली, तर पाच-सहा मूळ प्रती पुरतात. बहुतेक ठिकाणी मूळ दाखवून झेरॉक्स ठेवून घेतात. एकाच वेळी काढल्या तर पुन्हा यावे लागत नाही. शेतजमीन असेल तर वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचे असते, तेव्हा तेराव्यानंतर लगेच दाखल्याच्या मागे लागा.

दाखला हातात आल्यावर काउंटरवरच वाचा

आता बहुतेक दाखले केंद्राच्या नागरी नोंदणी पोर्टलवरून निघतात आणि त्यांवर क्यूआर कोड असतो. घरबसल्या अर्ज करता येतो, पण सावध राहा: या पोर्टलच्या नावाशी मिळतीजुळती बनावट संकेतस्थळे बरीच आहेत. पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असाच हवा. वॉर्ड ऑफिसाबाहेर ‘आजच दाखला’ म्हणणाऱ्या एजंटांकडून काढलेला कागद बनावट निघाला तर गुन्हा दाखल होतो, आणि त्या कागदावर काढलेला पासपोर्टही अडचणीत येतो.

जागेवर तपासायचे ते या क्रमाने: नावांची मराठी अक्षरे, नावांची इंग्रजी अक्षरे, जन्म किंवा मृत्यूची तारीख, लिंग, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख, शेवटी ‘शेरा’. नोंदणी क्रमांक आणि तारीख दोन्ही कुठेतरी वेगळे लिहून ठेवा. दाखला हरवला तरी या दोन गोष्टींवर दुसरा पाच मिनिटांत सापडतो.

जुना हाताने लिहिलेला दाखला असेल तर तो टाकून देऊ नका. नोंद संगणकावर चढवताना टंकलेखनाच्या चुका झालेल्या असतात आणि त्या सिद्ध करायला जुना दाखलाच उपयोगी पडतो.

चूक दुरुस्त करायची कशी

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निबंधक नोंद दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून त्याखाली सही आणि तारीख घातली जाते. खाडाखोड करून ‘नवीन’ दाखला देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अर्ज देण्याआधी चूक कुठे झाली हे शोधा, कारण तिथेच दोन रस्ते फुटतात. तुम्ही भरलेला नमुना बरोबर असेल आणि नोंदवहीत उतरवताना चूक झाली असेल, तर ती लेखनचूक. निबंधक मूळ नमुना दप्तरातून काढून ताडून पाहतो आणि दुरुस्ती करतो. फॉर्मचा तो फोटो इथे जोडायचा. तो पाहून कर्मचाऱ्याला दप्तर काढणे भाग पडते आणि ‘तुम्हीच चुकीचे लिहिले होते’ हे उत्तर मिळत नाही.

नमुन्यातच चूक असेल तर काम वाढते. तेव्हा खरी माहिती सांगणारे आणि वस्तुस्थिती ठाऊक असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन लागते. त्याबरोबर पुरावे: नाव दुरुस्तीसाठी आई-वडिलांचे आधार, पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, आणि आईच्या माहेर-सासरच्या नावाचा प्रश्न असेल तर शाळा सोडल्याचा दाखलाही. रुग्णालयाचे लेटरहेडवरचे पत्र आणि प्रसूतिगृहाच्या नोंदवहीतील त्या पानाची प्रत मिळाली तर अर्ज भक्कम होतो. तारीख किंवा लिंग चुकले असेल तर रुग्णालयाच्या कागदांशिवाय काही होत नाही. छोटी रुग्णालये बंद पडतात आणि त्यांचे दप्तर नाहीसे होते, म्हणून डिस्चार्ज कार्डाची प्रत कायम जपा.

अर्ज एका पानाचा, मुद्द्याचा असावा: नोंदणी क्रमांक, तारीख, आत्ता काय आहे, काय हवे, कशाच्या आधारे. दोन रकाने करून ‘नोंदीत असलेले’ आणि ‘योग्य’ असे समोरासमोर लिहिले की वाचणाऱ्याचे काम सोपे होते. मराठीतली आणि इंग्रजीतली दुरुस्ती वेगवेगळ्या ओळींत मागा. फक्त मराठीत मागितली तर इंग्रजी तशीच राहते आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. पोच घ्या, आवक क्रमांकासह.

अर्ज फेटाळले जातात त्याचे नेहमीचे कारण म्हणजे दुरुस्ती म्हणून नावबदल मागितलेला असतो. ‘सुमित’चे ‘समित’ झाले ही चूक. ‘सुमित’ऐवजी आता ‘अद्वैत’ हवे, हा नावबदल, आणि तो या कलमात बसत नाही. दुसरे कारण म्हणजे पुराव्यांतच मेळ नसतो. आधी आधार आणि पॅन एकसारखे करा, मग नोंदणी कक्षात जा.

नोंदच सापडत नाही, किंवा वर्ष उलटून गेले

आधी नीट शोध घ्या. नोंदवहीतला क्रम घटनेच्या तारखेचा नसतो, नोंदणीच्या तारखेचा असतो. २८ डिसेंबरला जन्मलेल्या बाळाची नोंद पुढच्या वर्षाच्या जानेवारीत असू शकते. म्हणून शोध अर्जात जन्मवर्ष आणि पुढचे वर्ष अशी दोन्ही मागा. बाळाच्या नावाने शोधण्यात अर्थ नाही, कारण तो रकाना रिकामा असण्याचीच शक्यता जास्त. वडिलांचे नाव, आईची सासरची-माहेरची दोन्ही नावे आणि रुग्णालय द्या. आई माहेरी होती का, हेही घरात विचारा. नोंद तिथे असते आणि शोध इथे चालतो, असे फार वेळा होते.

खरोखरच नोंद नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र, नमुना १०, घ्या. त्यासह जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करायचा. पूर्वी हे काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडे असे, २०२३ पासून ते इकडे आले. मार्च २०२५ पासून महाराष्ट्र शासनाने ही पडताळणी बरीच कडक केली आहे. तेव्हा पुरावे जुने आणि अस्सल हवेत: रुग्णालयाचे कागद, लसीकरण कार्ड, शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा, आई-वडिलांच्या वास्तव्याचा त्या काळातला पुरावा. केवळ आधार कार्डावर भिस्त ठेवू नका. खोटा कागद जोडला तर अर्ज फेटाळण्यावर भागत नाही, गुन्हा नोंदला जातो. आदेश मिळाला की तो घेऊन पुन्हा नोंदणी कक्षात जायचे. आदेश म्हणजे दाखला नव्हे, नोंद तिथेच होते.

काम अडले तर

प्रत्येक कार्यालयात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालील सेवांचा फलक लावलेला असतो. त्यावर सेवा, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्यासाठी नेमलेला) आणि अपील अधिकारी अशी माहिती असते. त्याचा फोटो घ्या. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते, त्यापुढे द्वितीय अपील आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग. चूक करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नकार नेहमी लेखी मागा. तोंडी ‘होत नाही’ यावर अपील लिहिता येत नाही.

नोंदणी कायद्यातही २०२३ पासून स्वतंत्र अपील आहे. निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा निबंधकाकडे, त्यांच्या निर्णयाविरुद्ध मुख्य निबंधकाकडे, दोन्ही ३० दिवसांत, आणि निकाल ९० दिवसांत द्यायचा असतो. दुरुस्तीचा अर्ज फेटाळला गेला असेल तर हा मार्ग अधिक नेमका आहे. दाखला देण्यातच दिरंगाई होत असेल तर लोकसेवा हक्काचा.

परदेशात जन्मलेले बाळ

भारतीय आई-वडिलांचे बाळ परदेशात जन्मले असेल तर नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत, नागरिकत्व कायद्याखाली होते. ती केली नसेल आणि कुटुंब भारतात कायमचे राहायला परतले असेल, तर बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांच्या आत इथल्या निबंधकाकडे नोंद करता येते. ६० दिवस उलटले तर उशिरा नोंदीचे वर दिलेले नियम लागू होतात. म्हणून परदेशी रुग्णालयाचे किंवा तिथल्या नगरपालिकेचे जन्म प्रमाणपत्र, दोघांचे पासपोर्ट आणि बाळाच्या पासपोर्टवरचा आगमनाचा शिक्का, एवढे घेऊन पहिल्या महिन्यातच नोंदणी कक्षात जा.